टीबीवरची दोन पुस्तकं: वाचली असतील त्यांनी बोला, नसतील त्यांनी वाचा

पिंपळपान

आपल्याकडे आरोग्यावरच्या नव्या पुस्तकांची चर्चा निघाली की ती झोप, सवयी, उपास आणि दीर्घायुष्य यांच्या पुढे फारशी जात नाही. मॅथ्यू वॉकर यांचं झोपेवरचं पुस्तक किंवा पीटर अटिया यांचं दीर्घायुष्यावरचं 'आउटलिव्ह' मीही वाचलंय, त्यातलं घेण्यासारखं घेतलंय. पण गेल्या काही वर्षांत टीबीवर दोन मोठी पुस्तकं आली आणि मराठी वाचकांत त्यांची चर्चा कानावरही येत नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे. जगातल्या एकूण टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. हा विषय आपला नाही तर कुणाचा?

पहिलं पुस्तक विद्या कृष्णन यांचं 'फँटम प्लेग' (२०२२). त्या आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकार. सुरुवातीची प्रकरणं युरोप-अमेरिकेत फिरतात: टीबीने घरंच्या घरं रिकामी व्हायची तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यांत लोक रक्तपिपासू भुतांवर विश्वास ठेवायचे, मग हात धुवा म्हणणाऱ्या सेमेलवाइसची उपेक्षा, शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला लावणारा लिस्टर, आणि रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये जाहीर केलेला टीबीच्या जिवाणूचा शोध. हा भाग मला थोडा पसरट वाटला. पुस्तक खरं पेटतं ते मुंबईत आल्यावर. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११च्या शेवटी चार रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्या रुग्णांना तेव्हा तपासता येणारं कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. त्यावर सरकारदरबारी केवढा गहजब झाला, आणि रुग्णांपेक्षा 'पूर्णपणे औषधप्रतिरोधी टीबी' या नावावरच किती वेळ वाद चालला, ते वाचताना मुठी वळतात. शिवाय घरांचा प्रश्न. माणसांना झोपडीतून उचलून अशा इमारतींत ठेवलं जिथे वारा शिरत नाही आणि ऊन पोचत नाही, तर आजार घर करणारच, हे त्या ठामपणे मांडतात.

दुसरं जॉन ग्रीन यांचं 'एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस' (मार्च २०२५). हे मूळचे किशोरांसाठी लिहिणारे कादंबरीकार. २०१९मध्ये ते सिएरा लिओनला गेले. फ्रीटाउनजवळच्या लाक्का सरकारी रुग्णालयात हेन्री नावाचा एक मुलगा त्यांचा हात धरून सगळं रुग्णालय दाखवत हिंडला. ग्रीन यांना तो नऊ वर्षांचा वाटला, त्यांच्या स्वतःच्या मुलाएवढा. त्या मुलाचंही नाव हेन्रीच. नंतर कळलं की तो सतरा वर्षांचा आहे. लहानपणापासूनची उपासमार आणि टीबी यांनी त्याची वाढच खुंटवली होती. लहान असताना त्याचे उपचार अर्ध्यावर सुटले होते, कारण वडिलांचा दवाखान्यावर भरवसा नव्हता. पुढे औषधांना न जुमानणारा टीबी झाला.

ग्रीन यांच्या पुस्तकातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे भूक. औषधं लागू पडायला लागली की रुग्णाला प्रचंड भूक लागते, आणि घरात खायला नसेल तर ती सोसवत नाही. काही जण एवढ्याचसाठी गोळ्या सोडतात. गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. त्या गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या, हे विचारतच नाही.

दोन्ही पुस्तकांत पाटण्याच्या श्रेया त्रिपाठीची हकिगत आहे. बेडाक्विलिन हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१२मध्ये मंजूर झालं, जवळजवळ चाळीस वर्षांत टीबीसाठी आलेलं पहिलं नवं औषध. भारतात ते २०१६पासून मोजक्या केंद्रांवर मिळू लागलं. श्रेया दिल्लीची रहिवासी नाही म्हणून तिला ते नाकारलं गेलं. वडील उच्च न्यायालयात गेले, २०१७च्या जानेवारीत औषध मिळालं, पण तोवर फुप्फुसं पार खराब झाली होती. २०१८मध्ये ती गेली. हे पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ घरातल्या कुणाशी बोलले नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: हा आजार बरा होतो हे माहीत असूनही माणसं मरतात, ती औषध आणि माणूस यांच्यातल्या अंतरामुळे. हे अंतर कुणी, कसं तयार केलं, ते ही पुस्तकं नावानिशी सांगतात. आरोग्य म्हणजे फक्त माझं शरीर आणि माझी शिस्त, असं मानून लिहिलेल्या पुस्तकांसोबत हीही वाचायला हवीत. कुणी वाचलीत का? काय वाटलं?

---

सोनसळी

ग्रीनचं आत्ताच मागवलं. श्रेयाबद्दल बातमीत वाचल्याचं आठवतंय. इतकी वर्षं गेली मध्ये, आणि मी साफ विसरून गेले होते.

---

चेंबूरकर

'फँटम प्लेग' वाचलंय. मुंबईच्या प्रकरणांत एक अक्षर वाढवून लिहिलेलं नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यासही झालेला आहे. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड वगैरे ठिकाणी इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, आणि खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण अधिक.

मी त्या बाजूला मुलांच्या शिकवणीसाठी नेमाने जातो. पहिल्या मजल्यावरच्या एका घरात भर दुपारी ट्यूबलाइट लागते. खिडकी आहे, पण उघडली की समोरच्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी हाताला लागेल इतकी जवळ, आणि मधल्या फटीत वरून टाकलेला कचरा साचलेला. म्हणून ती कायम बंद. घरात सहा माणसं. मधली मुलगी खोकते. आईला म्हटलं तपासून घ्या, तर म्हणाली, "सर, इथे सगळेच खोकतात." त्या माउलीला काय सांगणार की खिडकी उघडी ठेवा?

तपासणी झाली, टीबी निघाला, आता औषध चालू आहे आणि पोरगी छान सुधारतेय. पण घर तेच आहे.

---

उत्तररात्र

पिंपळपान, लेख आवडला, पण दोन मुद्द्यांवर मतभेद आहे.

एक, झोप-व्यायामावरच्या पुस्तकांना तुम्ही जरा बाजूला सारलंत. माझ्या घरी मधुमेह आहे. 'आउटलिव्ह'मुळे मी चालायला आणि वजनं उचलायला लागलो, साखर आटोक्यात आली. माझ्यासाठी हा जगण्यामरण्याचाच प्रश्न होता.

दोन, ग्रीन. श्रीमंत देशातला प्रसिद्ध लेखक आफ्रिकेत जातो, एक मुलगा पाहतो, हेलावतो आणि पुस्तक लिहितो. हेन्रीच्या दुःखावर लेखकाचा प्रकाशझोत, हे मला वाचताना सतत टोचत होतं. भारताबद्दल तर फारच थोडं आहे, जेव्हा सगळ्यात जास्त रुग्ण इथेच आहेत.

---

पिंपळपान

उत्तररात्र, भारताबद्दल थोडं आहे हे मान्य. प्रकाशझोताबद्दल मात्र नाही. ग्रीन यांनी पुस्तकाआधीच, २०२३मध्ये, आपल्या लाखो प्रेक्षकांना घेऊन बेडाक्विलिन बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनवर पेटंटचा हट्ट सोडण्यासाठी जाहीर दबाव आणला. त्याच वर्षी टीबी निदानाच्या जीनएक्स्पर्ट यंत्रात लागणाऱ्या काडतुसाची (कार्ट्रिजची) किंमत दहा डॉलरच्या आसपासवरून आठच्या खाली आली, त्यातही या मोहिमेचा वाटा होता. एकटे त्यांनी केलं असं नाही, अनेक संघटना वर्षानुवर्षं भांडत होत्या आणि ते स्वतः तसं लिहितात. पण प्रसिद्धीचा असा वापर करणारा लेखक मला हवा आहे. शिवाय हेन्री पुस्तकात नुसता बिछान्यावर पडलेला नाही. तो कविता करतो, मित्र जोडतो, बरा होऊन विद्यापीठात जातो.

मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत भारतात वाढू नये म्हणून ज्या दोघी उभ्या राहिल्या, त्यांपैकी नंदिता वेंकटेशन मुंबईच्या आणि फुमेझा टिसिले दक्षिण आफ्रिकेच्या. दोघींचं ऐकणं टीबीच्या जुन्या इंजेक्शनांनी गेलेलं. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली. रुग्णांनी मिळवलेला इतका मोठा विजय, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत काही तो दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर, आता निवृत्त. उमेदीची वर्षं सांगली-मिरजेकडे गेली. मिरजेजवळ वानलेसवाडीला टीबीचं जुनं आरोग्यधाम, त्यामुळे या भागात आजाराची आठवण पिढ्यान् पिढ्यांची आहे. दोन्ही पुस्तकं मुलीने पाठवली, वाचली.

आधी उत्तररात्र यांना. तुमचा मधुमेह आणि हा धागा वेगळे नाहीत. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, आणि साखर आटोक्यात नसेल तर उपचारही रखडतात. तुम्ही चालायला लागलात ते उत्तम केलंत. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला मी एवढंच सांगत आलो: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजनात उतार असेल तर थुंकी तपासून घ्या, खोकल्याच्या बाटल्या पीत बसू नका.

आता पुस्तकांत मला उणीव वाटली ती मद्रासच्या प्रयोगाबद्दल. तो याहून विस्ताराने यायला हवा होता. १९५६ साली मद्रासच्या केंद्राने रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट आरोग्यधामात, चांगलं खाणं, आराम, मोकळी हवा. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, गोळ्या तेवढ्या तिथे घेणारा. वर्षभराने दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात संसर्ग जास्त झाला असंही दिसलं नाही, कारण औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून आजार पसरणं झपाट्याने कमी होतं. १९५९मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि जगभरची आरोग्यधामं हळूहळू बंद झाली. माणसाला वर्षभर घरापासून तोडायची गरज नाही, हे जगाला आपल्या देशातल्या गरीब रुग्णांनी शिकवलं.

त्याचा एक दुष्परिणामही झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला. आहाराने फरक पडत नाही असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला गेला आणि पुढची कित्येक दशकं टीबीच्या कार्यक्रमात जेवणाचा विषयच मागे पडला. पिंपळपान यांनी भुकेबद्दल लिहिलं म्हणून सांगतो. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शिधा देऊन अभ्यास केला. २०२३मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या घरांत सगळ्यांना तांदूळ-डाळ मिळाली, तिथे घरच्यांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ, मंडळी! इतकी साधी गोष्ट. माझ्या कित्येक रुग्णांची हाडं आठवली आणि फार वाईट वाटलं.

आमच्या पेशाबद्दल कृष्णन कडक लिहितात, आणि ते रास्त आहे. खासगी डॉक्टरांनी टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२च्या मे महिन्यात बंधनकारक झालं. टीबीच्या निदानासाठी रक्त तपासण्याची जी चाचणी सर्रास चालायची, तिच्यावर त्याच जूनमध्ये बंदी आली. तोवर त्या बिनकामाच्या चाचणीपायी किती कुटुंबांचे पैसे गेले असतील.

---

अबोली२२

मी इथे फक्त वाचणारी. आज लिहिते.

मला औषधांना न जुमानणारा टीबी झाला होता, नव्या गोळ्या सरसकट मिळायच्या आधी. तेव्हा कॅनामायसिनची इंजेक्शनं महिनोन् महिने रोज घ्यावी लागायची. दोन्ही बाजूंना गाठी यायच्या. बसमध्ये जागा मिळाली तरी मी उभी राहायचे. मग कानात शिट्टी सुरू झाली. आधी वाटलं प्रेशर कुकर लागलाय शेजारी. ती शिट्टी थांबलीच नाही. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. इंजेक्शनं सुरू करताना कान तपासून घ्या असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

नंदिता वेंकटेशन यांच्याबद्दल या धाग्यावर वाचलं तेव्हा जी भावना आली ती लिहिता येत नाही. माझ्यासारखी कुणीतरी कंपनीच्या समोर उभी राहिली.

चमचा-ताट वेगळं केलं होतं घरी. टीबी ताटवाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे घरच्यांना पटवायला मला सगळ्यात जास्त ताकद लागली. लग्न ठरवताना मी स्वतः सांगितलं. एक स्थळ मोडलं. दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता गोळ्या कधी संपल्या?" तो आता माझा नवरा आहे.

ग्रीन यांचं पुस्तक नवऱ्याने आणलं. हेन्री इतर मुलांपासून वेगळा पडतो, त्या भागात मी अडकले. बाकी शांतपणे वाचलं.

---

सोनसळी

अबोली, लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

---

कृष्णाकाठ

अबोलीताई, कान तपासणं ही डॉक्टरची जबाबदारी होती, तुमची नव्हे. ते व्हायलाच हवं होतं. आता चित्र बरंच बदललंय. २०१८पासून जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन बाजूला काढायला सांगितलं. सप्टेंबर २०२४मध्ये आपल्याकडे चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर झाला: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. एकही इंजेक्शन नाही. तुमच्यासारख्यांनी जे सोसलं ते पुढच्यांना सोसावं लागू नये.

---

रानवारा

मी सरकारी टीबी कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक आहे. जिल्हा सांगत नाही.

पुस्तकं मी वाचलेली नाहीत, धागा वाचला. एक विचारते: या पुस्तकांत जिना चढणारी माणसं आहेत का? डॉक्टर आहेत, कंपन्या आहेत, लेखक आहेत, रुग्ण आहेत. गोळ्या घरी पोचवणारी आशाताई आणि थुंकीचा डबा टीबी तपासणाऱ्या सीबीनॅट मशीनपर्यंत नेणारा माणूस आहे का?

आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. माझ्या एका रुग्ण बाईंची अट आहे की स्कूटर त्यांच्या गल्लीत आणायची नाही. दोन गल्ल्या अलीकडे लावून मी चालत जाते. गोळ्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत नेते, वर एक ब्लाउजपीस ठेवते. शेजारणीला वाटतं मी फॉल-पिकोची कामं घेते. बाईंनी घरात फक्त नवऱ्याला सांगितलंय. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे, हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर घाबरून दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच सोडायची वेळ येते. त्या काळात मी आठवड्याला जाते, काही कारण नसलं तरी.

पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. चांगली गोष्ट. पण पैसे बँक खात्यात येतात आणि खातं बंद पडलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं. डॉक्टरसाहेबांनी झारखंडचं सांगितलं. शिधाच हातात दिला तर तो घरातल्या सगळ्यांच्या पोटात जातो. माझा अनुभव अगदी तोच आहे.

---

चेंबूरकर

रानवाराताई, तुमचा प्रतिसाद माझ्या शिकवणीच्या मुलीच्या आईला वाचून दाखवणार आहे. केशरी लघवीवरून त्यांच्या घरी खरंच रडारड झाली होती.

---

उत्तररात्र

डॉक्टर, मधुमेहाचं हे मला माहीत नव्हतं. माझे तज्ज्ञ कधी बोलले नाहीत. पुढच्या वेळी विचारणार आहे.

ग्रीनबद्दलचं माझं मत थोडं सैल झालं, पूर्ण बदललेलं नाही. कृष्णन यांचं आधी वाचायला हवं होतं, असं आता वाटतंय. आपल्या गावचं आपल्या माणसाने लिहिलेलं आधी.

---

मोगरीचा_वेल

टीबी म्हटलं की मला आनंदीबाई जोशी आठवतात. मार्च १८८६मध्ये पेनसिल्वेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. कॉखचा शोध लागून पाच वर्षं होत आली होती. पण पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडावं लागलं. शिकलेल्या विद्येत आनंदीबाईंना स्वतःसाठी काहीही नव्हतं.

ग्रीन यांनी युरोपातल्या एका विचित्र काळाबद्दल लिहिलंय. क्षयाने फिकट झालेला चेहरा सुंदर मानायचे, कवीला क्षय होणं म्हणजे प्रतिभेची खूण. पुढे हा गरिबांचा आजार आहे हे उघड झालं आणि तीच माणसं घाणेरडी ठरली. आजार तोच, पण कुणाला होतो त्यावर त्याची किंमत ठरते. आनंदीबाईंचं औषध तेव्हा जगात नव्हतं. श्रेयाचं होतं, ज्या दिल्लीत ते नाकारलं गेलं तिथेच होतं. हा फरक मला सहन होत नाही.

---

पिंपळपान

रानवाराताई, तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: आहेत, पण थोड्या. ग्रीन सामुदायिक आरोग्यसेवकांबद्दल आदराने लिहितात, पण साडीच्या पिशवीइतकं जवळून कुणी लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहायला हवं. वेगळा धागा काढा, आम्ही सगळे वाचू. जिल्हा नको, रुग्णांची नावं नकोत, गावंही बदला.

माझ्याकडून एवढं: दोन्ही पुस्तकं इंग्रजीत असल्याने अनेकांना अडचण येतेय, माझ्या विचारपूस पानावर तिघांनी विचारलं. मी 'फँटम प्लेग'च्या मुंबईवरच्या प्रकरणांचा गोषवारा इथेच टप्प्याटप्प्याने मराठीत लिहिते. वैद्यकीय तपशील कृष्णाकाठ यांनी तपासून द्यावेत ही विनंती.

---

कृष्णाकाठ

देतो. आकडे मूळ अहवालातून ताडून घेऊ, घाई नको.

---

रानवारा

रविवारी लिहायला घेते. फक्त त्या बाईंना आधी विचारते. त्या नको म्हणाल्या तर पिशवीची गोष्ट इथूनही काढून टाकायची, तेवढं संपादकांना सांगून ठेवा.